लेकरू आपल्यासारखं दिसत नाही तेव्हा (दत्तक, रंग-रूप आणि आपली गावं)

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी,

दत्तकाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक 'लेकराला कधी आणि कसं सांगायचं' इथवर येऊन थांबतं. आमच्या घरात हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. आमची मुलगी ईशान्येकडच्या एका राज्यातून आली. (कुठलं राज्य ते लिहीत नाही. ती माहिती तिची आहे, कुणाला सांगायची ते मोठेपणी ती ठरवेल.) तिचे डोळे, गाल, केस पाहून एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते, "हे पोट्टी कोणाची होय वं?" आम्ही तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो. कापूस-तुरीची शेती आणि नवऱ्याचं कृषी केंद्र. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. गाव वाईट नाही, हे आधीच सांगते. ती आली तेव्हा अर्धं गाव बघायला लोटलं होतं, अंगणवाडीताईनं स्वतःच्या हातानं तिला भरवलं. शेजारची मोठी माय तिच्यासाठी अजूनही पहिली भाकर बाजूला काढून ठेवते. पण २०२० साली करोनाच्या दिवसांत याच गावातली मोठी माणसं किराणा दुकानासमोर "चायना आली, सरका" म्हणत होती. सासूबाई लहानपणी तेल लावताना तिचं नाक रोज चिमटीत धरून ओढायच्या, धारदार व्हावं म्हणून. त्यांचा तिच्यावर जीव आहे, आणि तरी त्या नाक ओढायच्या. ते मी थांबवलं, त्यावरून आमच्यात बरेच दिवस अबोला होता.

यंदा तान्ह्या पोळ्याला ती सावित्रीबाई झाली होती. लाकडी नंदी सजवला, भाषण पाठ केलं. माईकवाल्यानं पुकारलं, "आता येऊन राहिली आपली नेपाळची सावित्री!" सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि तेच जास्त अवघड आहे, कारण भांडायचं कुणाशी? तिनं भाषण पूर्ण केलं, एक शब्दही चुकली नाही. घरी येऊन लुगडं सोडता सोडता विचारलं, "आई, मी नेपाळची आहे काय?"

अमेरिका-युरोपात गोऱ्या आईबापांनी कोरियातली, भारतातली, काळ्या वंशाची मुलं दत्तक घेतली, त्याला आता साठ-सत्तर वर्षं झाली. ती मुलं आज म्हातारी व्हायला आली आहेत आणि बोलत आहेत. त्यांच्या घरातही लपवण्याची सोय नव्हती. ज्यांना लपवता आलं नाही त्यांनी काय केलं आणि कशानं लेकराला त्रास झाला, हे मला जाणून घ्यायचं आहे. 'प्रेम द्या, सगळं ठीक होतं' एवढंच कृपया लिहू नका. प्रेम आहे. त्याच्यापुढचं सांगा.

संत्राबाग

वाचते आहे. आमच्याकडेही सावळ्या-गोऱ्यावरून हेच चालतं, आणि आमची तर पोटची आहेत.

मोर्शीकर

पऱ्हाटी, थोडं लांब लिहितो.

मूळचा मोर्शी तालुक्यातला, बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोत. आमचा मुलगा आफ्रिकन-अमेरिकन आहे. तिथल्या फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारी देखरेखीत दुसऱ्या घरी ठेवलेल्या मुलांतून, तो चार वर्षांचा असताना आमच्याकडे आला. आता चौदा वर्षांचा आहे. आम्ही दोघं सावळे मराठी, तो काळा. दुकानात आम्ही तिघं एका रांगेत उभे असलो तरी कॅशियर विचारते, "सगळे एकत्र आहात का?"

तुम्ही विचारलंत तो वाद तिथे जुना आहे. १९७२ साली काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनं जाहीर भूमिका घेतली की काळी मुलं गोऱ्या घरांत देऊ नयेत. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या माणसाला त्या समाजात कसं जगावं लागतं हे गोरे आईबाप शिकवू शकणार नाहीत. दुसरी बाजू म्हणाली, मग लेकरानं वर्षानुवर्षं घराविना राहायचं का? १९९४ मध्ये कायदा झाला आणि १९९६ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला: निव्वळ वंशाच्या कारणावरून दत्तक रोखायचं नाही, लांबवायचंही नाही. आमचा मुलगा त्या कायद्यामुळे आमच्याकडे येऊ शकला. तरीही १९७२ ची ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती माणसं जे सांगत होती ते आम्हाला रोज दिसतं.

आधीच्या पिढीतल्या गोऱ्या पालकांना सांगितलं जायचं, रंग बघूच नका, आपलंच समजून वाढवा. ती मुलं मोठी झाल्यावर काय सांगतात? घरात कुणालाच रंग दिसत नव्हता, बाहेर सगळ्यांना दिसत होता, आणि बाहेरून मार खाऊन आल्यावर घरात त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. म्हणून तुमच्या मुलीनं 'मी नेपाळची आहे काय' हे तुम्हाला विचारलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिनं ते मनात ठेवलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. सुरुवात केसांपासून झाली. आपल्या खोबरेल तेलानं आणि बारीक कंगव्यानं त्याच्या केसांचं भलं होत नाही. शेजारच्या एका काळ्या आजींनी माझ्या बायकोला बसवून शिकवलं. केस ओले ठेवायचे, रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून मुळाकडे यायचं. त्या आजींकडे आठवड्याला जाणं सुरू झालं आणि त्यातून त्याला आपल्यासारखी दिसणारी माणसं मिळाली. त्याचा न्हावी काळा आहे, एक शिक्षक काळे आहेत. पोलिसांनी गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे हे त्याला मी नाही शिकवलं, त्या आजींच्या मुलानं शिकवलं. मला ते शिकवता येणारच नव्हतं.

आता गावचं. पहिल्यांदा मोर्शीला आणलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. बागेत संत्री तोडायला आलेल्या बायका, पोरं, सगळे त्याच्या केसांना हात लावायचे. पहिल्या दिवशी तो हसला, दुसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार होईना. माझ्या वडिलांनी काय केलं? खाटेवर त्याला शेजारी बसवलं आणि येईल त्याला सांगितलं, "नातू होय माझा. हात लावाचा असन तं आधी त्याले विचार." दोन दिवसांत गाव विचारायला लागलं. आबाजी सातवीपर्यंत शिकलेले.

आणि एक गोष्ट मनाला लागली ती ही. चुलत बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला. स्टुडिओवाल्यानं सगळ्यांचेच चेहरे उजळ केलेले, पण पोराचा इतका की तो ओळखू येईना. त्यानं फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हा मी आहे?" मी अल्बम परत पाठवला आणि पानं नव्यानं करून घेतली. नातेवाईक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी कायले? मी म्हटलं, त्याच्या दृष्टीनं ती एवढीशी नाही.

गुरुजी_खामगाव

सर्वांचे अनुभव वाचले. मी निवृत्त शिक्षक आहे. थोडे वेगळे मत मांडतो, गैरसमज नसावा.

मुलाला त्याच्या वेगळेपणाची सतत आठवण करून देणे योग्य आहे काय? आमच्या वर्गात दत्तक मुले होती. आम्ही कधी तो विषय काढला नाही, ती शिकली, संसाराला लागली. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचे काम मी पाहिले आहे. रस्त्यावर, स्टेशनावर टाकून दिलेली अपंग, मतिमंद, मूकबधिर लेकरे. बाबांनी सगळ्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव लावले, कित्येकांची लग्ने लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे कोण कुठल्या जातीचे, कुठल्या प्रांताचे, हे कुणी विचारत नाही. एक नाव, एक घर. मला वाटते लेकराला एवढेच लागते. अमेरिकेतील वर्णद्वेष आपल्याकडे नाही, तो प्रश्न इकडे आणू नये.

पऱ्हाटी

गुरुजी, नमस्कार. वझ्झरला मीही जाऊन आले आहे. पण तिथलं एकही लेकरू स्वतःबद्दल अंधारात नाही. आपण टाकलेले होतो आणि बाबांनी उचललं, हे तिथे उघड आहे, बाबा स्वतः सांगतात. नाव मिळालं ते सगळं उघड असतानाच मिळालं. मला हेच माझ्या घरात हवं आहे.

वर्णद्वेष हा शब्द बाजूला ठेवू. 'चायना, सरका' याला आपण काय म्हणायचं, ते तुम्ही सांगा.

वावरवाला

मी वाशीम जिल्ह्यातला. लिवाले वेळ लागते, सांभाळून घ्या.

गुरुजी, तुमी म्हणता आमी विषय काढला नाही अन् पोरं शिकली. मी त्याच पोरातला एक. मले माह्या काकानं दत्तक घेतलं. भाऊकीतलंच दत्तक, १९५६ च्या कायद्यानं, दत्तकपत्र, पाच माणसांसमोर ओटी, सारं रीतसर. साऱ्या गावाले माहीत, मले सोडून. मी ज्याईले काकू म्हणो ते माही माय होती. दोन घरं सोडून रायत होती. दिवाळीत मले पाहून रडे तं मले वाटे हे बाई अशीच हाये.

बाबा गेल्यावर वारसाचा फेरफार करासाठी तलाठ्याकडं गेलो. त्यानं कागद काढ म्हटलं. पेटीतून दत्तकपत्र निघालं. वय तेव्हा एकोणतीस. काकू जाऊन तवा चार वर्सं झाली होती.

कोणी वाईट वागलं नाही माह्याशी. वावर देलं, लग्न करून देलं. पण सारे जन मिळून मह्यासमोर गप बसले, हे मले आजही जात नाही. ताईच्या पोरीचं बरं हाये, तिचं तोंडच सांगते. तिच्यासमोर कोणाले गप बसता येत नाही. मह्यं तोंड बापावर गेलं म्हनत, अन् ते खरंच होतं, दोघं सख्खे भाऊ. म्हणून मले फसवता आलं.

गुरुजी, तुमच्या वर्गातल्या त्या पोराईले आता विचारून पाहा.

संत्राबाग

वावरवाला दादा, तुमचं वाचून काही सुचत नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

धानपट्टा

मी गोंदिया-भंडारा भागात बालसंरक्षणाच्या कामात आहे. कायद्याची बाजू थोडी लिहिते, कारण गावात याबद्दल फार ऐकीव चालतं.

पूर्वी लोक संस्थेत जाऊन पाळण्यातली बाळं पाहायचे आणि रंग बघून निवडायचे. आता तसं होत नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या पोर्टलवर नोंदणी करायची. राज्य, वयोगट, मुलगा की मुलगी, तब्येतीची स्थिती यांची पसंती देता येते. रंगाचा रकानाच नाही. मूल सुचवलं गेलं की ४८ तासांत कळवायचं. तरीही गृहभेटीला गेलं की चहा ठेवता ठेवता बाई हळूच विचारते, "मॅडम, उजळ मिळन ना?" मी तिथेच बसून बोलते. आपल्याहून वेगळं दिसणारं लेकरू आलं तर सासर काय म्हणेल, शाळेत काय होईल, तुम्ही काय उत्तर द्याल? काही जोडपी त्यानंतर राज्याची पसंती बदलतात. मला ते चालतं. लेकरू घरी आल्यावर नाक ओढण्यापेक्षा आधीच बदललेलं बरं. (पऱ्हाटीताई, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही ते थांबवलंत.)

पूर्वी आदेश कोर्टातून यायचा. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर देतात. आदेश झाला की बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ते मूल सगळ्या अर्थानं त्या घरचं होतं, वारसाहक्क धरून. भाऊकीत कुणी 'परक्या रक्ताचं, वावरात हिस्सा कसा' म्हणालं तर हे कलम दाखवा.

मुळांचा शोध: मुलगी अठरा वर्षांची झाली की स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर. जन्मदात्या आईनं नाव उघड करू नका असं लिहून दिलेलं असेल तर नाव मिळत नाही, बाकीची माहिती मिळू शकते. म्हणून आजच्या आज एक फाईल करा: दत्तक आदेश, बाल कल्याण समितीचं प्रमाणपत्र, बालक अध्ययन अहवाल, वैद्यकीय अहवाल, संस्थेतले फोटो, ती ज्या कपड्यात आली ते कपडे. प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, आपल्याकडे वाळवी कशालाच सोडत नाही. आणि ती फाईल तिला माहीत असू द्या. कपाटाच्या वरच्या फळीवर कुलपात ठेवू नका.

फुटाळा

नागपूरहून लिहितोय. परदेशी वाढलेल्यांचं म्हणणं पऱ्हाटीताईंना हवं आहे, म्हणून एका मैत्रिणीची गोष्ट, तिच्या परवानगीनं.

ती विदर्भातली. १९७० च्या दशकात तान्ही असताना स्वीडनला गेली. तेव्हा परदेशी दत्तकासाठी वेगळा कायदा नव्हता. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टातून ताबा घ्यायचा, मूल न्यायचं आणि दत्तक तिकडे करायचं. पुढे लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि १९८४ मध्ये न्यायालयानं नियम घालून दिले: आधी देशात घर शोधा, मगच बाहेर. २००३ मध्ये भारतानं परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार मान्य केला. हे सगळं व्हायच्या आत ती गेलेली.

तिचे आईवडील फार चांगले. ती आजही त्यांच्याबद्दल प्रेमानंच बोलते. पण छोट्या बर्फाळ गावात तीच एक काळी. दुकानात लोक तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, ती स्वीडिशमध्ये उत्तर द्यायची, ते परत इंग्रजीत. घरी सांगितलं की आई म्हणायची, तू तर आमच्यासारखीच आहेस. ती म्हणाली, 'आईला मला धीर द्यायचा होता. पण मी तिच्यासारखी नव्हते, हे आम्हा दोघींना दिसत होतं, आणि एकीलाही म्हणता येत नव्हतं.'

ती शोधायला आली तेव्हा मी दुभाष्या म्हणून सोबत होतो. वर्ध्याच्या बाजारात फिरताना ती अचानक थांबली. म्हणाली, माझ्याकडे कुणी बघत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं. ती एका वांगी विकणाऱ्या बाईजवळ उकिडवी बसली आणि नुसती बसूनच राहिली. मग त्या बाईनं विचारलं, "काय पाहिजे वं?" हिला उत्तर देता येईना. बाई मला म्हणाली, "शिकली म्हणून मराठी बोलत नाही काय ते?" मी सगळं सांगितलं. बाईनं हिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, स्वतःच्या हाताशेजारी धरला आणि म्हणाली, "आमचीच हाये." पैसे न घेता पावभर वांगी दिली. लॉजवर शिजवायची सोय नव्हती, तरी तिनं ती वांगी दोन दिवस सोबत ठेवली.

संस्थेच्या रजिस्टरमध्ये दोन ओळी निघाल्या. तारीख, वजन, 'आई अविवाहित'. गावाचं नाव नाही. तिथल्या कारकुनानं तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. त्या दोन ओळींचा फोटो तिच्या फोनवर आहे.

गाविलगड

मेळघाटात आश्रमशाळेवर शिक्षिका आहे. या धाग्यावर घेणाऱ्या घरांचं सगळे बोलले. देणाऱ्या घराचं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहिते.

कुठलंही लेकरू आकाशातून पडत नाही. झरी जामणीतल्या कुमारी मातांबद्दल यवतमाळवाल्यांना सांगायला नको. कोलाम आदिवासी मुली, फसवणारे बाहेरचे, आणि मूल झालं की मुलगी एकटी. आमच्याकडे कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. आई मूल सोडते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याकडे दुसरा मार्ग उरलेला नसतो. कायद्यानं तिला परत विचार करायला ६० दिवस मिळतात. पण जिच्याकडे बसभाडं नाही, तिनं साठाव्या दिवशी तालुक्याला, जिल्ह्याला यायचं कसं?

आणि काही लेकरं दिलेली नसतात, हरवलेली असतात. अकोला-खांडवा ही मीटरगेजची लाइन आमच्या जंगलातून जायची. त्या खांडव्याचा सरू ब्रायरली. पाचेक वर्षांचा पोरगा बऱ्हाणपूरला रेल्वेत चढला आणि थेट कलकत्त्याला पोचला. त्याला गावाचं नाव नीट सांगता येईना. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं, चांगलं वाढवलं. त्यानं मोठेपणी संगणकावर उपग्रहाची चित्रं पाहत रेल्वेचे रूळ मागे मागे शोधले आणि २०१२ मध्ये आईला भेटला. आई त्याच भागात राहिली होती, पोरगा येईल म्हणून. कागदावर तो निराधार होता. आई जिवंत होती.

दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं २०२५ च्या मार्चमध्ये हेच म्हटलं, की आईबाप असलेली मुलं कागदोपत्री अनाथ दाखवून परदेशी पाठवली गेली आणि सरकारनं नीट लक्ष ठेवलं नाही. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये चौकशीनंतर परदेशी दत्तक थांबवलं, मधे पुन्हा सुरू केलं आणि २०२४ मध्ये टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. म्हणून दत्तकच वाईट, असं मी म्हणत नाही. पऱ्हाटीताईंसारखी घरं हवीतच. पण मुलीला तिच्या जन्मगावाबद्दल सांगाल तेव्हा 'तिथे तुला कुणी ठेवून घेत नव्हतं' असं कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका. आपल्याला ते माहीत नसतं.

गुरुजी_खामगाव

सर्व वाचले. वावरवाला यांचे दोनदा वाचले.

लेकराला सारखे त्याच विषयात ठेवू नये हे माझे मत कायम आहे. परंतु गप्प बसणे आणि सारखे बोलणे यांत बरीच जागा आहे, हे मान्य करतो. एक व्यवहाराची सूचना: पाचवीला परिसर अभ्यासात कुटुंबाचा तक्ता काढायला सांगतात, आजी-आजोबांचे फोटो चिकटवतात, कोण कुणासारखे दिसते ते लिहितात. त्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. 'घरातील कोणाकडून मी काय शिकलो' असा तक्ता सगळ्या वर्गाला करायला सांगता येतो. आई नसलेली, मामाकडे राहणारी, बाप गेलेली मुले आपल्या भागातल्या प्रत्येक वर्गात आहेत. त्यांनाही तो जुना तक्ता जड जातो. मी सेवेत असताना हे केले होते, कुणाची हरकत आली नव्हती.

पऱ्हाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री हेच वाचते आहे, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. वावरवाला दादांचं ऐकून ते उठून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आले.

गुरुजी, तुमचा तक्ता घेऊन शाळेत जाऊन आले. मॅडम लगेच हो म्हणाल्या. त्यांच्या मनात दुसऱ्या दोन मुलांचं नाव होतं, ज्यांचे वडील कर्जापायी गेले.

फाईल केली. मुलगी सोबत बसली होती. संस्थेतला एक फोटो आहे, त्यात तिच्या मागे एक बाई बांबूच्या टोपलीशेजारी उभी आहे, तिथली सांभाळणारी असावी. मुलगी त्या बाईकडेच बघत होती. मग म्हणाली, "हिचे डोळे माझ्यासारखे आहेत." आम्ही फोटो मोठा करून घेतला, तिनं तो दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे. गाविलगड, तुम्ही सांगितलेलं वाक्य सासूबाईंना मी बसवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते अजून कळलं नाही.

मोर्शीकर, तुमच्या आबाजींचं वाक्य आमच्या ह्यांनी उचललं आहे. परवा कृषी केंद्रावर बियाणं घ्यायला आलेल्या एकानं 'तुमची ते नेपाळी पोरगी' असं काही म्हटलं. हे म्हणाले, "नाव आहे तिला. नावानं विचार." तो माणूस वरमला, नाव विचारून गेला. मुलगी मागे पोत्यावर बसून अभ्यास करत होती, तिनं ऐकलं.

तिच्यासारखी दिसणारी मोठी माणसं तिला भेटायला हवीत, हे मला सगळ्यांत पटलं आणि तेच इथे सगळ्यांत अवघड आहे. दारव्ह्यात कुठून आणू?

फुटाळा

ते मी बघतो. नागपूर-वर्ध्याच्या कॉलेजांत ईशान्येच्या मुली शिकायला आहेत. माझ्या ओळखीतल्या दोघी रविवारी खुशीनं भेटतील. पण आधी मुलीला विचारा, तिला भेटायचं आहे का. आणि भेटीला 'तुझ्यासारख्या दिसणाऱ्या ताया' असं लेबल लावू नका. नागपूरला आलात की जेवायला या, त्याही येतील, एवढंच.

धानपट्टा

फुटाळांना अनुमोदन. आणखी एक: तिच्या राज्यात जायचं मनात असेल तर संस्थेला आधी पत्र लिहा, अचानक जाऊ नका. पहिल्या खेपेला संस्था नाही पाहिली तरी चालते. गाव, बाजार, नदी, जेवण पाहून या. ती म्हणेल तेव्हा संस्था.

वावरवाला

ताई, पोरीले नमस्कार सांगा. भाषण पुरं केलं म्हणता, तं ते पोरगी खमकी हाये.

मोर्शीकर

आम्ही डिसेंबरात मोर्शीला येतोय, पोरगा सोबत आहे. त्याला विचारलं, दारव्ह्याला एका मुलीला भेटायला येशील का? तो म्हणाला, तिला क्रिकेट येतं का? येत असेल तर एक दिवस काढून येतो.

पऱ्हाटी

येतं. डावखुरी फिरकी टाकते. तारीख कळवा, पत्ता व्यक्तिगत निरोपात देते. तुरीच्या शेंगा तोपर्यंत भरलेल्या असतील, सोलेभाजी करीन. त्याला तिखट किती चालतं तेवढं सांगून ठेवा.